भगवंतरावांचे भाचे

प्रधान आरक्षक, म्हणजे हवालदार, वामन सोमकुंवर यांनी एकवीस वर्षांच्या नोकरीत चोर धरले, हरवलेल्या म्हशी शोधल्या, आणि एकदा तर बोरगावहून नाहीसा झालेला अख्खा जनरेटर दोन दिवसांत हुडकून काढला. जनरेटर ज्याच्या गोठ्यात सापडला त्याने तो म्हशीला वारा घालायला आणला, असं बयान दिलं होतं. वामनरावांनी ते बयान जसंच्या तसं लिहून घेतलं. समोरचा जे बोलेल ते लिहायचं, आपल्या पदरचा शब्द घालायचा नाही, हे त्यांचं तत्त्व होतं. ह्या तत्त्वाने पुढे काय केलं ते येईलच. तूर्तास एवढंच सांगायचं की जनरेटर शोधणाऱ्या ह्या माणसाला पांढुर्ण्यात दोन खोल्यांचं घर काही केल्या सापडत नव्हतं.

झालं असं, की पांढुर्णा तहसिलीचा जिल्हा झाला. जिल्हा झाला म्हणून साहेब आले, साहेबांसाठी कार्यालयं आली, कार्यालयांसाठी कर्मचारी आले, आणि ह्या सगळ्यांना पाठ टेकायला जागा लागेल ही गोष्ट घरमालक सोडून कुणाच्याच ध्यानात आली नाही. घरमालकांच्या मात्र ती लगेच आली. पोलिसांसाठी नवे क्वार्टर मंजूर होते, म्हणजे त्यांचा नकाशा भिंतीवर लागला होता. अशात सौंसरहून वामनरावांची पांढुर्ण्याला बदली झाली आणि सौंसरचं क्वार्टर तीस जूनपर्यंत रिकामं करा, असा कागद हातात पडला.

क्वार्टर ज्यांना मिळणार होतं ते भूपेंद्र बिसेन बालाघाटहून एक जूनलाच येऊन ठेपले. माणूस अत्यंत सज्जन. “भाई साहब, कोई जल्दी नहीं,” असं रोज सकाळी म्हणायचे आणि रोज संध्याकाळी त्यांची एक वस्तू उंबरठ्याच्या आत यायची. पहिल्या आठवड्यात व्हरांड्यात बाज आली. दुसऱ्या आठवड्यात त्यांचा कूलर पुढच्या खोलीच्या खिडकीत बसला, कारण हवा तर दोन्ही घरांना लागणार होती. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या बायकोच्या लोणच्याच्या बरण्या वामनरावांच्या बायकोच्या, मालतीबाईंच्या फळीवर चढल्या.

“माणूस वाईट नाई जी,” मालतीबाई नवऱ्याला म्हणाल्या. “पन आज सकाळी त्यानं मलेच विचारलं, भाभीजी, चाय पिएंगी? माझ्याच घरात, माझ्याच गंजात चहा मांडून मलेच विचारून राहिला.”

तीस तारखेच्या आत घर मिळालं नाही तर काय, हे उघड होतं. मालतीबाई आणि दहावीतली मुलगी प्रज्ञा रामाकोन्याला भावकीच्या भरलेल्या घरात जाणार आणि वामनराव पांढुर्ण्याच्या बराकीत, चौदा जणांच्या घोरण्यात. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण ह्या घराच्या दोन चुली कधी झाल्या नव्हत्या. मालतीबाईंनी एकदाच सांगितलं, “मी कोनाच्या घरी पाहुनी म्हनून राहनार नाई.” त्या एखादी गोष्ट एकदाच सांगतात, आणि म्हणून वामनरावांना तिची जास्त भीती वाटते.

पोलिसाला घर देताना मालकाला दोन गोष्टींची भीती असते. एक, हा किराया देणार नाही. दोन, हा जाणार नाही. सौंसरला शेजारी राहणाऱ्या अनुराधा मॅडम म्हणाल्या, वर्दी घालून जाऊ नका, लोक दार लावतात. ठाण्यातला नितीन म्हणाला, वर्दी घालूनच जा, लोकांची दार लावायची हिंमत होत नाही. वामनरावांनी दोन्ही करून पाहिलं. वर्दीत गेले तर मालक हात जोडून म्हणे, “साहेब, माझी काय चूक झाली?” आणि घाबरून सरबत आणे. साध्या शर्टात गेले तर एकाने त्यांना खालून वर न्याहाळलं. “मिशीवरून पुलिसवाले दिसून राहिले,” तो म्हणाला. वामनरावांनी त्या दिवशी सौंसरला जाऊन मिशी अर्धी उतरवली. ही मिशी त्यांनी भरतीच्या वर्षापासून वाढवली होती आणि तिच्या जोरावर दोन चोर न मारता कबूल झाले होते.

अर्ध्या मिशीने आणि चौकटीच्या शर्टाने ते भगवंतरावांकडे पोचले. भगवंतराव म्हणजे संत्र्याचे व्यापारी. रेल्वे फाटकाच्या अलीकडे त्यांची बारा खोल्यांची दुमजली इमारत आहे. ते गादीवर बसून चष्म्यातून कसलं तरी बिल पाहत होते.

“खोली आहे म्हने जी?”

“आहे ना. वरची, बारा नंबर. हवा मस्त येते, नळ आहे, पुढं गच्ची आहे. कधी येता? आडनाव काय म्हनलं?”

“सोमकुंवर.”

भगवंतरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि परत घातला नाही. “अरे बाप्पा,” ते म्हणाले. “ते खोली तं कालच गेली.”

“आताच तं आहे म्हनलं तुमी.”

“आहे. पन गेली.”

वामनरावांना हे नवीन नव्हतं. शाळेत असल्यापासून आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो ते त्यांनी पाहिलं होतं. पण एकवीस वर्षं वर्दीत काढली की माणूस विसरतो, आणि मग एखाद्या दिवशी साध्या शर्टात त्याची आठवण होते. त्यांना राग आला. रागाहून जास्त लाज वाटली, आणि आपण काहीच केलं नसताना लाज कशाची, हे न कळून पुन्हा राग आला. भगवंतरावांचं आडनाव मात्र त्यांनी विचारलं नाही, त्यामुळे ह्या गोष्टीतही ते येणार नाही.

घर मिळत नाही तर निदान परवडेल असा घरभाडे भत्ता तरी मिळावा, म्हणून वामनरावांनी अर्ज केला. कार्यालयातले श्रीकांतबाबू सुपारी कातरता कातरता म्हणाले, “हवालदारसाहेब, भत्त्याच्या यादीत आपलं गाव अजून जुन्याच वर्गात आहे. तहसिलीचा भत्ता मिळन.”

“पन किराया तं जिल्ह्याचा मागून राहिले.”

“हे लेखी पाहिजे. तुलनात्मक तक्ता जोडा. कोन्या गावात पोलिसाले घर काय भावानं पडते आणि आपल्या गावात काय भावानं. तक्ता असला की फाइल चालते.”

एवढं ऐकल्यावर वामनरावांची मरगळ गेली. तक्ता म्हणजे तपास, आणि तपास त्यांना येत होता. भरतीच्या वेळच्या साथीदारांचा मोबाइलवर एक ग्रुप होता, त्यात आजवर फक्त वाढदिवस आणि निवृत्तीचे फोटो पडत. वामनरावांनी त्यात प्रश्न टाकला आणि एका दिवसात चौसष्ट उत्तरं आली. सगळ्यांच्या पोटात हाच विषय दाबून बसला होता. इंदूरवाल्याने कळवलं की त्याच्या खोलीत पलंग उभा केल्याशिवाय दार उघडत नाही, म्हणून पाहुणे आले की तो आधी झोपलेल्याला उठवतो. झाबुआवाल्याकडे पूर्ण घर, विहीर, दोन आंब्याची झाडं, आणि मालक दर रविवारी कोंबडी पाठवतो. फक्त बाजार बावीस किलोमीटरवर आहे. भोपाळवाल्याचं क्वार्टरच्या यादीत नाव लागलं होतं आणि नातवाच्या लग्नापर्यंत नंबर येईल अशी त्याला आशा होती. महाराष्ट्र पोलिसात असलेला साळा, विशाल, नागपूरहून बोलला, “भाऊजी, फ्लॅट पाहाले गेल्तो. बिल्डरनं मले वॉचमनच्या जागेसाठी आला समजून अर्ज देला. पगार चांगला होता, म्हनून मी भरून ठेवला.”

वामनरावांनी हे सगळं रकान्यांत बसवलं. कोंबडीचं काय करायचं हा प्रश्न पडला, तेव्हा ‘इतर सुविधा’ असा रकाना वाढवला. आता उरला पांढुर्ण्याचा रकाना, आणि इथे त्यांच्या हातून एक चूक झाली. सरकारी काम म्हणून ते वर्दी घालून निघाले. सोबत रजिस्टर घेतलं, कार्बन घेतला, आणि घर दिसलं की सवयीप्रमाणे दोन पंच बोलावून पंचनामा करू लागले: मौक्यावर उत्तराभिमुख खोली आढळली, खोलीत एक इसम जेवताना आढळला.

पहिल्या तीन घरांपर्यंत ठीक होतं. चौथ्या घरी पोचेपर्यंत वस्तीभर बातमी झाली की पोलीस किरायेदार मोजून राहिले, ठाण्यात नोंद न केलेल्यांवर केस होणार, वरून घरपट्टी दुकानाच्या भावाने लागणार. त्यानंतर पांढुर्ण्यात वामनरावांना एकही किरायेदार भेटला नाही. ज्या त्या खोलीत मालकाचा भाचा राहत होता.

“किराया किती?”

“भाच्याकून किराया घेतेत का साहेब?”

वामनराव लिहीत गेले: भाचा, किराया निरंक. त्यांच्या मनात शंका आली नाही असं नाही. पण बयान ते बयान.

भगवंतरावांनी अर्ध्या मिशीच्या माणसाला ओळखलं नाही. त्या दिवशी आडनाव ऐकताच त्यांनी चष्मा काढला होता, त्यामुळे चेहरा नीट पाहायचा राहून गेला होता. आज छातीवर पितळी पाटी, डोक्यावर टोपी, हातात रजिस्टर. भगवंतराव घामाघूम झाले आणि एकेक भाचा दाखवू लागले. एक नंबरमध्ये औषध कंपनीचा तमिळ माणूस होता, त्याला मराठीत फक्त ‘मामा’ एवढंच येत होतं, तेही दहा मिनिटांपूर्वी शिकवलेलं. चार नंबरमध्ये फरशी बसवणारे तिघे बिहारी, “एकाच बहिनीचे, तिळे.” सात नंबरमध्ये निवृत्त स्टेशनमास्तर विजयबाबू, वय एकाहत्तर. भगवंतराव स्वतः अठ्ठावन्न वर्षांचे.

“हे पन भाचेच?”

“मोठ्या बहिनीचा आहे. लय मोठ्या.”

विजयबाबूंनी मान डोलावली. त्यांचा किराया दोन वर्षं वाढला नव्हता आणि त्यासाठी ते कुणाचेही भाचे व्हायला तयार होते. पंच म्हणून त्यांनीच सही केली, दुसरी सही समोरच्या पानठेलेवाल्याने केली.

अकरा खोल्या झाल्या. बाराव्या खोलीला कुलूप होतं.

“इथं?”

“इथं पन भाचाच,” भगवंतराव म्हणाले. रिकामी खोली दाखवली तर साहेब स्वतःसाठीच मागेल, ही नवीच भीती त्यांच्या पोटात शिरली होती.

“नाव?”

भाच्यांची नावं संपली होती. भगवंतरावांनी आभाळाकडे पाहिलं, गच्चीकडे पाहिलं, आणि मग त्यांची नजर समोरच्या छातीवरच्या पितळी पाटीवर स्थिरावली. “वामन,” ते म्हणाले.

“पूर्ण नाव?”

“वामन सोमकुंवर.”

“धंदा?”

“पुलिस.”

वामनराव खाली मान घालून लिहीत होते. उन्हात चार तास झाले होते, आणि प्रत्येक पानाखाली स्वतःचं नाव लिहायची एकवीस वर्षांची सवय. हात कुठेही अडखळला नाही. त्यांनी ओळ पूर्ण केली, भगवंतरावांची सही घेतली, सरबत नाकारलं आणि निघून गेले.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या भागात भाचा म्हणजे मोठा मान. घरी आला की मामा-मामी त्याच्या पाया पडतात, मग तो शेंबडा असो की तहसीलदार. रामाकोन्याला वामनरावांचे सख्खे मामा ऐंशीला टेकले आहेत, तरी ते वाकतात, आणि वामनराव दरवेळी संकोचाने उड्या मारतात. पांढुर्ण्याच्या मालकांनी केस आणि घरपट्टी चुकवायला भाचे केले तेव्हा ह्या रीतीचा विचार कुणी केला नव्हता.

तक्ता गेला आणि आठ दिवसांत उत्तर आलं, एवढ्या झपाट्याने त्या कार्यालयातून आजवर कशाचंच उत्तर आलं नव्हतं. ‘जोडलेल्या पंचनाम्यांवरून पांढुर्णा येथे घरभाडे सर्व ठिकाणांहून कमी, म्हणजे बहुतांशी निरंक असल्याचे दिसते. सबब भत्तावाढीचा प्रश्न उद्भवत नाही. कर्मचाऱ्यांनी स्थानिक मामांचा शोध घ्यावा. तसेच नवीन क्वार्टरची निकड पुन्हा तपासण्यात यावी.’

श्रीकांतबाबूंनी पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. बराकीतले चौदा जण दोन दिवस वामनरावांशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी ‘काय भाचे’ अशी हाक मारायला सुरुवात केली, ती अजून चालू आहे. भिंतीवरचा क्वार्टरचा नकाशा कुणीतरी काढून गुंडाळून ठेवला. वामनरावांना ते जास्त लागलं. सगळ्यांचं भलं करायला निघालो आणि सगळ्यांचं छप्पर उडवलं, असं त्यांनी मालतीबाईंजवळ बोलून दाखवलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

तीस जून उजाडला. सकाळी नऊला टेम्पो दारात लागला. भूपेंद्र बिसेन स्वतः कपाट उचलू लागले. इतक्या उत्साहाने कुणी कुणाचं सामान बाहेर काढलं नसेल. प्रज्ञा पुस्तकांच्या खोक्यावर बसून होती. मालतीबाई शेवटचे काचेचे पेले बांधत होत्या, आणि त्यासाठी त्यांनी नवऱ्याच्या रजिस्टरातल्या कार्बनच्या प्रती घेतल्या होत्या. आता त्यांचा तेवढाच उपयोग होता.

“बाई, टेम्पो कुठं घ्यायचा? रामाकोना ना?” ड्रायव्हरने विचारलं.

मालतीबाई पेला हातात धरून कागद वाचत होत्या. त्यांनी तो दोनदा वाचला. मग नवऱ्याला हाक मारली. “अहो, हे पाहा. खोली नंबर बारा. भाचा, वामन सोमकुंवर, धंदा पुलिस, किराया निरंक. खाली त्यायची सही, दोन पंचायची सही. हे तुमीच ना?”

वामनरावांनी कागद घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर आधी लाज आली, मग घाबरगुंडी, आणि मग ते म्हणाले, “हे तं चुकीचं आहे. दुरुस्तीपत्रक काढा लागन.”

“दुरुस्ती मंग करजा,” मालतीबाई म्हणाल्या आणि टेम्पोत पुढे जाऊन बसल्या. “पांढुर्णा घ्या, भौ. मामाकडे.”

भगवंतराव दारातच उभे होते. टेम्पोतून चौकटीच्या शर्टातला माणूस उतरताना त्यांनी पाहिला आणि ह्या वेळी ओळखला. “अरे भौ, तुमाले सांगतलं होतं ना, ते खोली गेली म्हनून.”

“हाव जी,” मालतीबाई म्हणाल्या. “कोनाले गेली तेच पाहाले आलो. इथं लिहून आहे, वामन सोमकुंवरले गेली. हे पाहा, आलेत ते.”

त्यांनी कागद पुढे केला. भगवंतरावांनी सही पाहिली, मग वामनरावांकडे पाहिलं, मग पुन्हा सही पाहिली. तोवर इमारतीतले भाचे गॅलरीत जमले होते. नाही म्हणावं तर सही खोटी, सही खोटी तर बाकी सगळेच भाचे खोटे, आणि मग घरपट्टीपासून ठाण्यापर्यंत सगळंच उघडं पडणार. विजयबाबू वरून ओरडले, “येऊ द्या हो मामा, मी पंच आहे!” तमिळ भाच्याने त्याला येणारा तो एकच शब्द म्हणून पाठिंबा दिला.

“मी फुकट राहनार नाई,” वामनराव म्हणाले. “जो किराया तुमी बाकीच्यायकून घेता तोच देईन, आणि पावती घेईन. त्या दिवशीबी देनारच होतो. तुमी आडनाव विचारलं.”

भगवंतरावांनी चष्म्याला हात लावला, पण ह्या वेळी तो काढला नाही.

तेवढ्यात आतून जयवंताबाई, भगवंतरावांच्या बायको, पाण्याचा तांब्या आणि परात घेऊन बाहेर आल्या. त्या सगळं ऐकत होत्या. “बारा खोल्याइत भाचे लिहून देले,” त्या नवऱ्याला म्हणाल्या, “तवा मले विचारलं होतं का? न विचारता मले एवढ्या जनायची मामी करून ठेवलं. आता भाचा सामान घेऊन दारात उभा आहे, तं रीत करा.”

“कोनती रीत?”

“पाया पडा.”

“नको जी,” वामनराव टेम्पोला चिकटले. “नको, मामी, राहू द्या.” पण जयवंताबाईंनी त्यांना सपाता काढायला लावल्या, पायावर पाणी घातलं आणि स्वतः वाकून नमस्कार केला. मग त्या बाजूला झाल्या आणि नवऱ्याकडे पाहत उभ्या राहिल्या.

भगवंतराव उभे होते. गुडघे दुखतात असं ते म्हणाले. मग एक हात टेम्पोच्या फाळक्यावर टेकून ते सावकाश वाकले, आणि ज्या माणसाचं नाव ऐकून त्यांची खोली भरली होती त्याच्या ओल्या पायांना त्यांची बोटं लागली. वामनरावांनी ह्या वेळी उडी मारली नाही. ते जागच्या जागी उभे राहिले, आणि त्यांना एकदम रडू आलं. मालतीबाईंनी तोंड फिरवलं आणि त्या पेल्यांची गाठ उगाच सोडू लागल्या.

भगवंतराव उठेपर्यंत गॅलरीतले भाचे खाली येऊन रांगेत उभे राहिले होते. सर्वात पुढे विजयबाबू, पायातले मोजे काढून.

एक तारखेला वामनरावांनी किराया दिला, पूर्ण, आणि पावती मागितली. भगवंतरावांनी ती खूप विचार करून लिहिली: ‘भाच्याकडून मिळाले.’ ही पावती भत्त्याच्या फाइलला जोडावी की नाही ह्यावर श्रीकांतबाबूंनी वर मार्गदर्शन मागवलं आहे. दुरुस्तीपत्रक मात्र वामनरावांनी पहिल्याच आठवड्यात पाठवलं, आणि क्वार्टरचा नकाशा, जरा चुरगळलेला, परत भिंतीवर आला.

दिवाळीच्या सुमारास एक गृहस्थ खोली पाहायला आले. विजयबाबू मुलाकडे जाणार असल्याने सात नंबर रिकामी होणार होती. गृहस्थांना खोली आवडली. जाता जाता ते भगवंतरावांच्या कानाशी लागून हळूच म्हणाले, “वर बारा नंबरमदी कोन राहते? दारावर पाटी पाहिली मी. तुमाले माहीत आहे ना, आडनाव काय आहे ते?”

“आडनाव तुमाले कायले पाहिजे?” भगवंतराव एकदम खेकसले. “भाचा आहे माझा. दर सनाले पाया पडतो मी त्याच्या, गुडघे गेले माझे. आणि सात नंबर कालच गेली.”